नळाचं तीर्थ

आमच्या घरात म्हातारपण आधी बायकोकडे आलं, आणि तिने त्याला चक्क "ये, बस" म्हटलं. मागच्या वर्षी ती पडली, कमरेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. वॉकर घ्यायची वेळ आली तर बाईसाहेब उल्हासनगरच्या दुकानदाराला फोनवर विचारतायत, "भाईसाब, नीला में नहीं है क्या?" मी कपाळाला हात लावला. आठवड्याभरात त्या निळ्या वॉकरला पिशवी लटकली, पिशवीत मोबाईल, जपमाळ आणि सोलायचे मटार. "देवाने आता चार पाय जास्तीचे दिलेत," असं वर मलाच ऐकवायची.

माझं तसं नाही. मी कंपनीत जन्मभर उभ्याने काम केलेला माणूस. बदलापूरला राहायला आलो तरी दर सोमवारी रिक्षाने अंबरनाथच्या शिवमंदिरात जायचोच. तिथला गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. आधी अंबरनाथलाच बुवापाड्यात राहत होतो, तेव्हा आम्ही जोडीने उतरायचो. आता ती घरी, म्हणून मी खालून गडूत तीर्थ आणायचं असं ठरलं. ती डोळे मिटून तीर्थ घ्यायची आणि मगच व्यायामाला लागायची.

पावसाळ्यात एकदा ओल्या पायरीवर माझा गुडघा वाकला तो सरळच होईना. मागच्या माणसाने बखोट धरलं म्हणून वाचलो. "अंकल, आप ऊपर ही बैठो ना," तो म्हणाला. अंकल! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच बाहेर आलो, चपलांजवळच्या नळावर गडू भरला आणि रिक्षा पकडली. घरी तिने विचारलं, "उतरलात ना नीट?"

"म्हणजे काय!" मी म्हणालो.

पुढच्या सोमवारी खरं सांगून टाकू म्हटलं, तर ती ओंजळ पुढे करूनच बसलेली. धीर झाला नाही. मग दर सोमवारी तोच नळ. वर मी पिंडीवरच्या फुलांची वर्णनंही करायचो. खोटं बोलण्याची लाज वाटत होती, नाही असं नाही. पण गुडघ्याची त्याहून जास्त वाटत होती. देवाने तिला दिलेलं म्हातारपण मला चाललं, स्वतःचं मात्र चालेना.

दिवाळीनंतर एका सोमवारी ती वॉकर सोडून खिडकीपर्यंत चालत गेली आणि रडायलाच लागली. "तुम्ही माझ्यासाठी उतरत राहिलात, म्हणून मी चालले हो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यावर कडी म्हणजे तिने नवस बोलून टाकला. "आता मीच खाली जाणार. तुमचा हात धरून. तुम्हाला काय, सवयच आहे."

डॉक्टरही हो म्हणाले. कुणाचा तरी भक्कम हात हवा, एवढीच अट घातली.

पुढच्या सोमवारी रिक्षात मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. ती नवी साडी नेसून, मांडीवर गडू धरून खुशीत बसली होती. मंदिरात शिरलो. पायऱ्यांच्या तोंडाशी तिने माझा हात घट्ट धरला आणि पाऊल पुढे टाकलं. माझा गुडघा उतरण्याआधीच लटपटत होता. मी पडलो असतो तर ती माझ्यासकट खाली गेली असती.

"थांब. मला उतरता येत नाही."

"म्हणजे?"

"पावसाळ्यापासून."

तिने गडूकडे पाहिलं. "मग यातून आणायचात ते?"

"बाहेरच्या नळाचं."

ती माझा हात सोडून भिंतीला धरून बाजूला झाली आणि उंबऱ्याशी टेकली. मी शेजारी उभा. ओरडली असती, चार शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

थोड्या वेळाने एक मुलगी खाली जायला निघाली. हिने तिला हाक मारली. "पोरी, आम्हा दोघांनाही उतरवत नाही गं. थोडं तीर्थ आणतेस?"

मुलीने गडू घेतला, "हो आजी" म्हणाली आणि गेली. एवढंच करायचं होतं. इतके महिने मला एवढं जमलं नव्हतं.

मुलगी गडू घेऊन वर आली. मी खाली मान घालून उभा होतो. आता ही तीर्थ घेईल, म्हणून गडू धरायला हात पुढे केला, तर हिने माझाच तळवा उताणा करून त्यात पाणी ओतलं.

"घ्या," ती म्हणाली. "तुम्हालाही पावसाळ्यापासून मिळालेलं नाही."