अंगी न लागणारं जेवण

आमच्या ह्यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेतले नव्हे, शिवणाचे. चाळीस वर्षं दुसऱ्यांची मापं घेतली आणि गेल्या वर्षभरात स्वतःचीच पँट चार वेळा आत घेतली. जास्तीचं कापड मात्र कापलं नाही, दुमडून आतच ठेवलं. म्हणायचे, "लागेल परत."

कसलं लागतंय! दोन्ही वेळा ताट भरून वाढायची, हा माणूस चाटूनपुसून खायचा, आणि अंगी काडीचं लागायचं नाही. मग मनात दुसरं काय येणार? पाच वर्षांपूर्वी दारूनेच ह्यांचं स्वादुपिंड सुजलं, पंधरा दिवस इस्पितळात काढले. तेव्हा सोडली म्हणाले. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. संध्याकाळी दुकानातून आले की मी दारातच अडवायची. "आ करा." हे निमूट माझ्या तोंडासमोर श्वास सोडायचे. वास कधीच आला नाही. तरी मी म्हणायची, लवंग चघळली असेल. लेकीलाही फोनवर सांगून टाकलं, बाबांचं परत सुरू झालंय. तिने त्यांच्याशी बोलणं सोडलं.

वजन फारच उतरलं तेव्हा डॉक्टरांनी शौचाची तपासणी सांगितली. मी बजावलं, "आता मशीनच सांगेल खरं काय ते."

नमुन्याची डबी ह्यांनी गिऱ्हाइकाच्या कोटाच्या पिशवीत लपवून नेली, चोरीचा माल असावा तशी. प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या बाईंनी ती उजेडात धरली आणि परत दिली. "हे पाण्यासारखं आहे. अशात आकडा उगाच कमी येतो. जरा घट्ट झालं की आणा."

माझं डोकंच फिरलं. "येऊ द्या की कमी. मला फक्त दारूचं कळायला हवंय."

"ह्यात दारू दिसत नाही, ताई. अन्न पचवणारा रस स्वादुपिंडातून येतो की नाही, तेवढंच दिसतं." मग फॉर्मवर पेन टेकवून त्यांनी ह्यांना विचारलं, "शी तेलकट होते का? पाणी टाकूनही चिकटून राहते?"

हे जमिनीकडे बघत म्हणाले, "वर्ष झालं."

वर्षभर मी ह्यांच्याशी भांडत होते, की एका वेळेला चार-चार बादल्या पाणी कशाला लागतं.

चार दिवसांनी दुसरी डबी दिली. अहवाल आला तसे डॉक्टर म्हणाले, रस जवळजवळ येतच नाही. जुन्या सुजेने ग्रंथी खराब झालीय. खातात ते पचत नाही, तसंच बाहेर पडतं. आता प्रत्येक जेवणाबरोबर कॅप्सूल घ्यायची.

"आणि दारू?" मी विचारलंच.

"ते ह्यांनाच विचारा. सांगतील."

मी विचारलं नाही. कुठल्या तोंडाने विचारू? चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती मी, तीही रोज संध्याकाळी, उंबऱ्यात उभं करून.

दुसऱ्या दिवशी हे दुकानातून यायच्या वेळी लेकीला फोन लावला. म्हटलं, "बाबा खोटं बोलत नव्हते. तुझी आईच चुकली." ती पलीकडे रडायला लागली, मीही. तेवढ्यात हे दारात आले. पिशवी खाली ठेवली, आणि मी काही म्हणायच्या आतच माझ्यासमोर येऊन आ केला.

मी फोन त्यांच्या कानाला लावला.