ऐकण्याचे तीनशे

गाडी खडखडत होती आणि दुसऱ्या दिवशी आईला घेऊन घाट उतरायचा होता. गॅरेजवाल्या रफिकभाईंनी लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवला, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले.

"इंजिन ठणठणीत आहे, काका. नंबरप्लेट सैल होती, आवळली. तीनशे द्या."

"प्लेट आवळायचे तीनशे?"

"आवळायचे काही नाही. ऐकायचे."

मला संशय आलाच. बेअरिंग गेलंय म्हणाले असते, तर मी चार हजार मुकाट्याने मोजले असते. काही बिघडलेलं नाही, एवढ्या शब्दांचे पैसे देताना मात्र हात आखडतो. अशाने खरं सांगणं कुणाला परवडेल?

तीनशे त्यांच्या हातावर ठेवले आणि तरीही म्हणालो, "अजून एकदा ऐकता का?"