कुठली उशी हवी

आलिशान क्रूझवर मी सुइटचा बटलर होतो. पहिल्या जहाजावर पाहुण्यांना उशांची यादी द्यायची पद्धत होती. दुसरं जहाज लहान, पण सुइट प्रशस्त. तिथे पहिल्या संध्याकाळी आम्हीच अदबीनं आवड विचारायची आणि त्या पाहुण्याच्या पुढच्या सफरीपर्यंत लक्षात ठेवायची. मला ही रीत आवडायची.

गेल्या रजेत मालवणला आलो तेव्हा बायकोचा आजार बळावला होता. एका दुपारी तिची चादर बदलताना सवयीनं तोंडून गेलं, "तुका उशी कशी होयी गो? मऊ काय घट्ट?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हसली. "पंचवीस वर्सांनी इचारल्यात. खंयचीय उशी चलात. तुमी हयसर बसा."

मी बसलो. पण रजा संपली. जाऊ नका, असं ती म्हणाली नाही आणि मीही थांबलो नाही.

महिन्याभरानं एका सुइटमध्ये सामान लावत असताना मुलीचा फोन आला. आई गेली होती. पुढचं बंदर पाच दिवसांवर होतं. ते पाचही दिवस मी पाहुण्यांचं हसून स्वागत करत होतो. मग कागदपत्रं, विमानं. घरी पोचलो तेव्हा तिचा दहावा दिवस उलटून गेला होता.