वास्तू, तथास्तु आणि दोनाचं वर्गमूळ

आई आणि मी एकाच वर्षी दहावीच्या गणिताला बसलो. लोकांना याची फार गंमत वाटायची. हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, घमापुरातल्या आमच्या गल्लीत, दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे विचारायचे, "क्यों, पहले कौन पास होगा?" मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. मी नापास झाले असते तर पुढच्या वर्षी पुन्हा बसले असते. आईला पुढचं वर्ष नव्हतं.

बाबा सिविल लाइंसमधल्या एका सरकारी कार्यालयात बाबू, म्हणजे कारकून, होते. तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. त्यांच्या जागी आईला घेतलं, पण ती विदर्भातल्या एका खेड्यात आठवीपर्यंतच शिकलेली. मुदतीत दहावी झाली तर बाबूची जागा पक्की, नाही तर शिपायाची, असं ठरलं होतं. म्हणजे बाबा ज्या टेबलाशी बसायचे, त्याच टेबलावर दुसऱ्या कोणासाठी तिने पाण्याचा ग्लास नेऊन ठेवायचा. आई याबद्दल बोलायची नाही. पण कार्यालयातून आली की बराच वेळ तशीच, चप्पल न काढता, स्टुलावर बसून राहायची.

पहिल्या खेपेला बाकी सगळे विषय निघाले आणि गणित थोडक्यात गेलं. आता एकच परीक्षा हातात होती. शिकवणी परवडणारी नव्हती, म्हणून मास्तरीण मीच. आणि मास्तरीण म्हणून मी अगदी टाकाऊ होते. आधी तोंड सुटायचं, डोकं मागाहून चालायचं.

संध्याकाळी आमचा अभ्यास चाले. सहा वाजले की आई दाराची कडी काढून ठेवायची आणि दार नुसतं लोटून घ्यायची. बाबा घरी यायच्या वेळेची ही जुनी सवय. गल्लीत चोऱ्या होत होत्या, म्हणून मी उठून कडी लावायची. थोड्या वेळाने आई उठून ती पुन्हा काढायची. यावर आम्ही कधी भांडलो नाही, हेच आश्चर्य. बाकी सगळ्यावर भांडायचो.

पहिलाच धडा वास्तविक संख्यांचा. भूमिती आणि त्रिकोणमिती आईच्या हाताला लागत नव्हत्या, म्हणून हा धडा पक्का करायचा असं मी ठरवलं. संख्यारेषेवर दोनाचं वर्गमूळ ती माझ्यापेक्षा नीट काढायची. एक एकक बाजूचा चौरस, त्याचा कर्ण, कंपासचा कंस, आणि बिंदू बरोबर जागेवर. भागाकार करून तेच ते आकडे फिरून यायला लागले की म्हणायची, "चला, हे आलं परत घरी."

अडलं ते सिद्धतेवर. दोनाचं वर्गमूळ अपरिमेय आहे, म्हणजे दोन पूर्ण संख्यांचा अपूर्णांक करून ते लिहिता येत नाही, हे सिद्ध करायचं. त्याची रीत उलटी. पुस्तक हिंदी, म्हणून आधी लिहायचं, "माना कि √2 परिमेय है।" लिहिता येतं असं धरायचं, अपूर्णांकाला अतिसंक्षिप्त रूप द्यायचं, आणि एकेक पायरी पुढे जायचं. शेवटी वरचा आकडाही सम निघतो आणि खालचाही, म्हणजे ते रूप अतिसंक्षिप्त नव्हतंच. विरोधाभास. मग लिहायचं की आपण जे मानलं तेच चूक होतं. आमच्या शाळेत सांगायचे, हा प्रश्न म्हणजे हातात आलेले गुण.

आई सगळ्या पायऱ्या तोंडपाठ म्हणायची, पहिली सोडून. तिथे पेन थांबायचं.

"मागच्या वर्षी हा प्रश्न आला होता ना? काय लिहिलं तू?" मी एकदा विचारलं.

"सोडला."

"येत नव्हता?"

"येत होता."

माझं डोकंच फिरलं. "आई, यार! एवढ्यानेच तू पास झाली असती! काहून सोडला?"

"जे नाही ते आहे म्हणून कसं लिहू? खोटं मानून चालायचं, हे कसलं गणित? घरात असं बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणते."

हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. घरात अभद्र बोलू नये, वास्तुपुरुष ऐकत असतो, 'तथास्तु' म्हणून टाकतो. पण वर्गमुळावर कोण तथास्तु म्हणणार? मी हसले, आणि चांगली खवचट हसले. वर म्हटलं, "मग जा आणि पाणी पाज सगळ्यांना."

ती रागावली नाही. कंपास पेटीत ठेवून म्हणाली, "त्या दिवशी सकाळी जाताना तुझे बाबा दारात उभे राहून म्हणत होते, समज, मी आलोच नाही तर काय करशील? थट्टा करून राहिले होते. मी म्हटलं, असं बोलू नका, वास्तू तथास्तु म्हणते. ते हसत गेले."

हे तिने मला तोवर सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तोडगा काढला. घरात नको ना? मग बाहेर. आधी ओट्यावर बसलो, तर ती म्हणाली ओटाही वास्तूतच येतो. कार्यालयाच्या आवाराचं नाव काढायचीही सोय नव्हती. शेवटी गल्लीच्या तोंडाशी नाल्यावर जी पुलिया आहे, तिच्या कठड्यावर जाऊन बसलो. सकाळी, आईच्या कामाच्या वेळेआधी. पनागरहून भाजी घेऊन येणारे टेम्पो अंगावरून जायचे. आई आधी इकडेतिकडे बघायची आणि मग चोरून सांगितल्यासारखं पुटपुटायची, "माना कि…" आणि पदर तोंडाला लावायची. रोज थोडं पुढे सरकलो. पेपरच्या आदल्या सकाळी तिने पूर्ण सिद्धता लिहिली, पण अक्षर इतकं बारीक आणि एकमेकांत घुसलेलं की वाचता येईना. घरी आल्यावर पाय धुऊन मगच आत आली.

पेपर एकच, केंद्रं वेगळी. मी प्रश्नपत्रिका उघडली आणि आधी तोच प्रश्न शोधला. सिद्धता होती, पण दोनाची नव्हती, पाचाच्या वर्गमुळाची होती. आईने सगळं समविषमाच्या आधारावर बसवलं होतं. तो आधारच काढून घेतला होता. मी माझा पेपर कसा लिहिला देव जाणे. डोळ्यांपुढे तिचं ते पुलियावरचं पान होतं.

निकालाचं आधीच सांगून टाकते. पुढे तो लागला, आई पास झाली, जागा पक्की झाली. गल्लीत पेढे वाटले. पण मला त्या दिवसापेक्षा पेपरची संध्याकाळच जास्त आठवते.

ती माझ्यानंतर घरी आली. मी दारातच विचारलं, "लिहिलं?"

"लिहिलं. पाचाचं होतं. सम म्हणायच्या जागी पाचाने भाग जातो म्हटलं, बाकी तेच होय ना?"

"हो, हो! आणि माना कि?"

"लिहिलं बाप्पा." ती स्टुलावर बसली. आज तिने चप्पल काढली. "आधी हात चालेचना. मग लिहिलं. खोटं आहे माहीत असून लिहिलं, आणि एकेक पायरी जात गेली. तर शेवटी ते आपणच पडलं. मी पाहतच राहिली. आपण मानलं म्हणून काही ते खरं झालं नाही."

"तेच तर मी सांगून राहिली होती ना!" मी म्हटलं. तोंड आधी, ते असं.

"तू गणिताचं सांगत होती." ती दाराकडे बघत होती. सहा वाजून गेले होते. "त्यांच्या बोलण्याने ते गेले नाहीत. आणि मी एवढे दिवस मानून बसली, की येतील. कोणाला बोलली नाही, पण मानून होती. माझ्या मानण्याने ते येणार नाहीत."

ती उठली आणि तिने कडी लावली. लोखंड गंजलं होतं, दोनदा ढकलावी लागली.

मग आम्ही दोघी रडलो, पोटभर, मोठ्याने. बाबा गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि आम्हाला नीट रडताही आलं नव्हतं. आता दार आतून बंद होतं, त्यामुळे मध्येच कोणी आलं नाही.