झिजलेला रुपया

मी झिजलेली नाणी जमवतो. आमच्या मेडशीच्या घरातला चांदीचा रुपया मी नाण्यांचा दर्जा ठरवणाऱ्या कंपनीकडे पाठवला. त्यावरचा राजा पार गेला होता, साल तेवढं वाचता येत होतं. रुपया प्लास्टिकच्या बंद डबीत परत आला. दर्जा एक, म्हणजे सगळ्यांत खालचा. मला तोच हवा होता.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आईनं डबी वरवंट्यानं फोडली आणि रुपया चिंचेनं घासायला घेतला. मी ओरडलो.

ती म्हणाली, "डबीत कोंडेल लक्ष्मीले कुकू कसं लावू?"

दर दिवाळीला ती माझ्यासमोर तो असाच घासत आली होती. माझ्या वहीत मात्र नोंद होती: बाजारात फिरून झिजलेला.