पिवळे पाय

संग्रहालयासाठी पक्ष्यांची चित्रं रंगवण्यात ताईंची उभी हयात गेली. लग्न केलं नाही. का, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही, आणि निवृत्तीनंतर विचारणारंच कुणी उरलं नाही. दोन खोल्या, एक खिडकी, एक रेडिओ. बोलायचं तर रेडिओशी, आणि तो मेला समोरच्याला बोलूच देत नाही.

वर्षातून एकदा मात्र दार वाजायचं. संग्रहालयातल्या संशोधक बाई यायच्या, त्या निळ्या पक्ष्याची चौकशी करायला.

तो पक्षी पाहिला होता एकट्या ताईंच्या धाकट्या भावानं. जहाजावर आचारी होता. एका ओसाड बेटावर पाणी भरायला उतरला, तेव्हा उंच गवतात दिसला म्हणे. कोंबडीएवढा, निळाशार, उडता न येणारा. पुरावा म्हणाल तर ना हाड, ना पीस. घरात सगळे त्याला थापाड्या म्हणत, आणि त्यात ताईंचा आवाज सगळ्यात मोठा. तरी त्यानं सांगितलं तसं चित्र त्यांनी काढलं, ते पुस्तकात छापून आलं, आणि पक्षी खरंच होता का, यावर विद्वान भांडत बसले. भाऊ केव्हाच गेला.

बाईंचा प्रश्न दर वर्षी एकच. "चित्रात पाय पिवळे आहेत, ते भावानं सांगितलं होतं का?" ताईंचं उत्तरही ठरलेलं. "आठवत नाही बाई. पुढच्या वर्षी या, आठवेल कदाचित."

यंदा बाई खाली मान घालून आल्या. "ताई, तो पक्षी पक्ष्यांच्या यादीतून काढताहेत. या कुळात पिवळे पाय असूच शकत नाहीत, म्हणजे पाहणाऱ्यानं सगळंच रचलं, असं छापणार आहेत."

ताईंनी हातातला कप खाली ठेवला. कोडं सुटलं की बाईंचं येणं संपलं, हे न कळायला त्या काही दूधखुळ्या नव्हत्या. पण भाऊ मेल्यावरही खोटा ठरावा, हे त्यांना सोसवेना.

"पिवळा रंग माझा," त्या म्हणाल्या. "पाय गवतात होते, दिसले नाहीत, असं तो शंभरदा सांगत होता. बिनपायाचं चित्र कोण छापणार? दिले ठोकून. लिहा, भाऊ खरं तेच बोलला. थापाडी मी."

बाईंनी लिहून घेतलं, खाली सही घेतली. मग जरा घुश्शातच म्हणाल्या, "वीस वर्षं विचारतेय मी. पहिल्याच वर्षी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर दुसऱ्या वर्षी कोण आलं असतं?"