अकरा आजारांचा निरोगी माणूस

पंपांच्या कारखान्यात एकतीस वर्षे लेथवर उभ्या राहिलेल्या त्या टर्नरला खऱ्या नावाने ओळखणारे फक्त हजेरीपुस्तक होते. बाकी सर्वांसाठी तो ‘पथ्यकर’. हे आडनाव त्याला कँटीनने दिले, आणि ते देणाऱ्यांत पहिला मान कामगारांच्या आजारपण निधीच्या चिटणिसाचा होता, याबद्दल जुन्या कामगारांत दुमत नाही.

बाराच्या भोंग्याआधीच कँटीनमधल्या तळणाचा वास शेडमध्ये शिरे. माणसे हात पुसत तिकडे वळत. पथ्यकर मात्र खिडकीशेजारच्या बाकावर डबा उघडून बसे. मोड आलेली कडधान्ये, पालेभाजी, काकडी, एखादे फळ. चहा बिनसाखरेचा. चिटणीस कँटीनचे तेलकट ताट घेऊन त्याच बाकावर येई आणि त्याच्या डब्यात चमचा घाली.

“आण रे तुझं गवत. तेवढंच पोटाला पुण्य.”

“पुण्य पुरे, ती दुसरी प्लेट आणू नकोस.”

“तू शंभर वर्षं जग. माझ्या वाटची शोकसभा तूच घे.”

ही थट्टा एकोणीस वर्षे चालली. पथ्यकराची बायको डब्यात एक काकडी जास्त घालू लागली, ती चिटणिसासाठी.

पथ्यकराच्या पथ्याचे मूळ हौसेत नव्हते. त्याच्या वडिलांनी खाण्यापिण्यावर कधी लगाम ठेवला नाही, आणि शेवटची सहा वर्षे घर औषधांच्या दुकानाकडे गहाण पडल्यासारखे झाले. आधी अंगठ्या गेल्या, मग सायकल, आणि अखेर ज्यावर घर चालत होते ते आईचे शिवणयंत्र. यंत्र हातगाडीवर चढवताना आईने त्याचे झाकण पदराने पुसले होते. विशीतल्या मुलाने त्या दिवशी एक हिशेब मनाशी पक्का केला: माणूस ताटात जे वाढून घेतो, त्याचे बिल म्हातारपणी येते.

कारखान्यातला निधी या हिशेबाला अगदी साजेसा होता. प्रत्येकाच्या पगारातून दरमहा काही रक्कम कापली जाई, तेवढीच मालक घाली, आणि ती त्या कामगाराच्या स्वतंत्र खात्यात जमा होई. आजारी पडला तर त्यातून औषधपाणी, नाही पडला तर निवृत्तीच्या दिवशी सगळी शिल्लक व्याजासह त्याची. पथ्यकर एकदाही आजारी पडला नव्हता. ती शिल्लक कशासाठी, हेही ठरलेले होते. बायकोच्या गुडघ्यांना तिसऱ्या मजल्याच्या चौपन्न पायऱ्या आता झेपत नव्हत्या. त्याच गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या त्याने पाहून ठेवल्या होत्या. बयाणा दिला होता. बाकीची रक्कम निधीतून यायची होती.

दर जानेवारीत तो चिटणिसाला विचारी, “माझं खातं ठीक आहे ना?”

“तुझ्या खात्याला हात लावायला आजारालाही लाज वाटते, लेका.”

एवढ्यावर त्याचे समाधान होई. केसाच्या जाडीचा फरक मायक्रोमीटरने पकडणाऱ्या या माणसाने खात्याचे विवरण लेखी कधी मागितले नाही.

त्या कारखान्याची आणखी एक रीत सांगायला हवी. पूर्वी एक ओतारी भट्टीसमोर कोसळला. बेशुद्ध माणूस सही कशी करणार, म्हणून त्याचा अर्ज चार दिवस अडला, आणि त्याची बायको दवाखाना ते ऑफिस अशा खेपा घालत राहिली. तेव्हापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक कामगार एका कोऱ्या अर्जावर सही करून तो चिटणिसाकडे ठेवू लागला. वर्षअखेरीस न वापरलेले अर्ज सगळ्यांसमोर फाडायचे, असा ठरावही होता. पहिली दोन वर्षे तो पाळला गेला. पुढे, चिटणिसाच्या कपाटापुढे उभे राहून कागद फाडताना बघणे म्हणजे त्याच्यावर संशय घेणे, असे लोकांना वाटू लागले.

निवृत्तीला तीन आठवडे उरले असताना पथ्यकर हिशेबखात्यात गेला. कारकून मुलगी नवी होती. कागद शोधायला तिला वेळ लागत होता, म्हणून त्याने डब्यातले केळे सोलले.

“काका, केळं खाताय? तुम्हाला साखर आहे ना?”

“कुणाला?”

“तुम्हाला. नऊ वर्षांपासून.” तिने कागद त्याच्याकडे फिरवला. “आणि त्याआधी पित्त, रक्तदाब, पायाची जखम. एकूण अकरा वेळा पैसे घेतलेत तुम्ही.”

त्याने कागद दोनदा वाचला. चौदा वर्षांत अकरा अर्ज, आणि प्रत्येकाखाली त्याची सही. सही खोटी नव्हती, हेच वाईट होते. सोबतच्या औषधांच्या पावत्यांवर खातेक्रमांक होता, रुग्णाचे नाव नव्हते. शेवटच्या रकान्यातली शिल्लक बयाण्यापेक्षाही कमी होती.

“काका, पाणी देऊ?”

“नको,” तो म्हणाला. “याची नक्कल दे.”

पायाची जखम वाचताच त्याला उत्तर कळले होते. चिटणिसाच्या डाव्या पायाची जखम सात महिने भरली नव्हती. त्या काळात त्याला बाकापर्यंत हात देऊन आणणारा पथ्यकरच होता.

भोंगा झाला. चिटणीस ताट घेऊन आला, बसला, आणि सवयीने डब्याकडे हात नेला. पथ्यकराने झाकण लावले आणि नक्कल त्यावर ठेवली.

चिटणिसाने ती उचलली नाही. पाहिली फक्त.

“सांगणारच होतो,” तो म्हणाला.

“कधी? माझ्या शोकसभेत?”

“मला साखर निघाल्यावर माझं खातं तिसऱ्याच वर्षी संपलं. घरात दोन मुली, इन्सुलिन महिन्याला… तू आजारी पडत नव्हतास. पडणारही नव्हतास. पैसे नुसते पडून होते.”

“पडून नव्हते. ठेवले होते मी. एकेका घासाने ठेवले होते.”

“थोडे थोडे परत भरणार होतो.”

“किती भरलेस?”

 चिटणिसाने ताट बाजूला सारले.

“मागितले असतेस तर दिले असते,” पथ्यकर म्हणाला. “सगळे नाही, पण दिले असते.”

“दिले असतेस, माहीत आहे. आणि त्याबरोबर रोज दुपारी एक व्याख्यानही दिलं असतंस. तेल किती, साखर किती. तुझ्या डब्यातली काकडी घशाखाली उतरायची, उपदेश नाही उतरायचा.”

हे बोलणे पथ्यकराच्या मनात पुढे बरेच दिवस रुतून बसले, कारण त्यात तथ्य होते. पण तथ्य असल्याने चोरीची वर्गणी होत नाही, हेही त्याला तितकेच स्पष्ट दिसत होते. तो डबा न खाता लेथवर परतला.

घरी त्याने बायकोला सगळे क्रमाने सांगितले. ती भाजी निवडत होती. हात थांबला नाही.

“मग आता?”

“तक्रार केली तर त्याची नोकरी जाईल. दोन वर्षं राहिलीत त्याची. पाय हा असा.”

“आणि नाही केली तर?”

 तिने उठताना एक हात ओट्यावर आणि दुसरा गुडघ्यावर ठेवला, आणि तेवढ्या वेळात त्याला उत्तर मिळाले.

“अहो,” ती आतून म्हणाली, “एकोणीस वर्षं मी त्याच्यासाठी काकडी चिरली. रोज विचारायची तुम्हाला, आवडली का त्याला. तुम्ही म्हणायचात, आवडली.”

तक्रार सिद्ध करणे सोपे नव्हते. सही त्याचीच होती. पुरावा एकच असू शकत होता: ज्या दिवसांत कागदोपत्री तो अंथरुणावर होता, त्या दिवसांत तो कामावर असल्याची नोंद. तीन दिवस दुपारच्या सुट्टीत तो हजेरीपुस्तके चाळत बसला. चार अर्जांच्या तारखा जुळल्या. त्या दिवसांत त्याने किती दांडे कातले, हेदेखील त्याच्याच अक्षरातल्या कामाच्या चिठ्ठ्यांवर सापडले. उरलेल्या सात अर्जांची हजेरीपुस्तके नव्हती. पाच वर्षांपूर्वीची पुस्तके रद्दीत घालण्याचा नियम होता, आणि एरवी कुठलाच नियम वेळेवर न पाळणाऱ्या कारखान्याने हा काटेकोरपणे पाळला होता.

निधीच्या समितीपुढे चिटणिसाने ते चार अर्ज कबूल केले. पथ्यकराला वाटले, हा उरलेले सातही सांगेल. शेवटी माणूस तोच होता, रोज बाकावर शेजारी बसणारा. अध्यक्षांनी विचारले, “बाकीच्यांचं काय?”

चिटणीस टेबलाकडे पाहत म्हणाला, “ते आजार यांचेच होते.”

“मला नऊ वर्षं साखर आहे?” पथ्यकराने विचारले.

“पथ्य उगाच कोण पाळतं?”

समितीतले दोघे हसले. मग एकाने ते वाक्य इतिवृत्तात लिहून घेतले, युक्तिवाद म्हणून. पथ्यकराने ते लिहिले जाताना पाहिले. अकरा अर्जांनी जे झाले नव्हते ते या एका ओळीने झाले: ज्या शिस्तीवर त्याने आयुष्य रचले, तीच आता त्याच्या आजाराचा दाखला ठरली होती. दवाखान्यात जाऊन त्याने रक्त तपासून घेतले, साखर नव्हती. समितीने कळवले की आजचे रक्त नऊ वर्षांपूर्वीचे काही सांगत नाही.

चिटणीस पदावरून गेला, नोकरीत राहिला. चार अर्जांचे पैसे त्याच्या पगारातून वळते झाले आणि पथ्यकराला मिळाले. शेवटच्या दिवशी पथ्यकराने बाकाबाकांवर जाऊन प्रत्येकाला सांगितले, आपला कोरा अर्ज परत घ्या. “घेऊ की,” लोक म्हणाले, आणि जेवत राहिले. फक्त त्या ओताऱ्याचा मुलगा, जो आता स्वतः भट्टीवर होता, ताट अर्धे टाकून उठला.

तळमजला हातचा गेला. घरमालकाने बयाण्यातला निम्मा भाग कापून घेतला. मिळालेल्या पैशांत आणि घरातल्या थोड्याफार शिलकीत त्यांच्याच इमारतीतल्या पहिल्या मजल्यावरची एक खोली बसली. अठरा पायऱ्या.

पहिल्या सकाळी दोघे बाजार करून परतले. पिशवीत पालेभाजी होती, काकड्या होत्या, नेहमीपेक्षा एक कमी. नवव्या पायरीवर बायको कठडा धरून थांबली. त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि वाट पाहिली.

“इथवरच्या आपल्या,” ती दम घेत म्हणाली. “पुढच्या त्याच्या नावावर लिहा.”

तो हसला नाही. तिच्या कोपराखाली हात देऊन त्याने पुढची पायरी चढायला मदत केली.